गावाचं आडनाव, बाईचं आडनाव

(पिपरी मेघे, जि. वर्धा येथील महिला मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सभा सुरू होण्याआधी आपण एक खेळ केला. प्रत्येकीने उठून तीन नावं सांगायची. आपलं, आपल्या आईचं आणि आईच्या आईचं. नाव म्हणजे पूर्ण नाव, जन्माला आल्यावर होतं ते, आडनावासकट. पहिल्या नावालाच काहीजणी अडखळल्या. "लग्नाआधीचं सांगू का नंतरचं?" असं विचारू लागल्या. आईच्या नावापाशी आवाज बारीक झाले. आजीच्या नावाला तर बहुतेक सगळ्याच थांबल्या. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "माय म्हणत होतो ना वं तिले, नाव काहून ध्यानात ठेवावं?" सगळ्या हसलो. मीही हसले.

पण खरं सांगते, त्या आजींसारखीच माझी गत आहे. मी हिंगणघाटची लेक, सेलूची सून. माझ्या आईच्या आईचं पाळण्यातलं नाव मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं. तेही ती गेल्यावर, जुने कागद काढताना. जिच्या मांडीवर मी वाढले तिचं नाव मला एका पिवळ्या पडलेल्या कागदाने सांगितलं. त्याच घरातल्या पुरुषांच्या सात पिढ्या मात्र मला तोंडपाठ होत्या. भाट आले की वही उघडून वाचायचे, आम्ही पोरी ऐकायचो. त्या वहीत आम्ही नव्हतो.

म्हणून आज आडनावाबद्दल बोलायचं. तुम्ही म्हणाल, बाई, पाण्याचा प्रश्न आहे, दारूचा प्रश्न आहे, हे आडनावाचं काय काढलं? थोडं ऐकून घ्या. शेवटी ते सातबाऱ्यापर्यंत जातं.

गावाच्या कंसातलं आडनाव

आपण बसलो आहोत त्या गावापासूनच सुरुवात करू. गावाचं नाव पिपरी आणि कंसात मेघे. वर्ध्याच्या भोवती सावंगी मेघे आहे, सिंदी मेघे आहे, बोरगाव मेघे आहे. जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे, खरांगणा गोडे आहे, तळेगाव श्यामजीपंत आहे. कारण साधं आहे. पिपरी, सिंदी, तळेगाव, कारंजा या नावांची गावं विदर्भात पावलोपावली. कुठली सिंदी, हे कळायला खूण हवी. म्हणून एक सिंदी मेघे झाली आणि दुसऱ्या सिंदीवरून रेल्वे जाते म्हणून ती सिंदी रेल्वे झाली.

बाकी महाराष्ट्रात उलटा प्रकार दिसतो. तिथे गावाचं नाव माणसाला लागतं आणि पुढे 'कर' येतो. इथे माणसाचं आडनाव गावाला लागलं. साधारणपणे ते गावावर ज्या घराण्याचं वजन असतं त्याचं लागतं. इंग्रजांनी १८६०च्या दशकात इकडे जमाबंदी केली आणि मालगुजारांना गावांची मालकी दिली. ती मालगुजारी ३१ मार्च १९५१ला कायद्याने संपली. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. हक्क गेले, पण नावातला मान राहतोच. शेतमजुराचं आडनाव गावाला लागलेलं मी काही पाहिलं नाही. बाईचं तर नाहीच. आष्टीला 'शहीद' म्हणतात, ते १९४२च्या लढ्यात प्राण दिलेल्यांसाठी. तेवढा एक वेगळा मान.

गावाचं नाव बदलायचं झालं तर किती विचार होतो बघा. आपल्या शेजारचं सेवाग्राम पूर्वी शेगाव होतं. गांधीजी तिथे राहायला गेले आणि त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली. म्हणून १९४०मध्ये नाव बदललं. पत्रं चुकतात एवढ्यावरून गावाचं नाव बदलण्याचा विचार झाला. आपल्यापैकी प्रत्येकीचं नाव एका दिवसात बदललं. आपली पत्रं कुठे जातील, आपले कागद कुठे अडतील, हे कुणी विचारलं का?

आडनाव येतं कुठून

आडनाव काही आभाळातून पडत नाही. बहुतेक आडनावांच्या मुळाशी एखादा हक्क असतो, नाहीतर एखादं काम, नाहीतर एखादं गाव. पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही वतनाची नावं. सुतार, लोहार, सोनार, कुंभार ही कामाची. चंद्रपूर-यवतमाळकडे 'वार' लागलेली आडनावं भेटतात, त्यांवर तेलुगूची छाप आहे. गोंडांमध्ये मडावी, उईके, टेकाम, आत्राम ही कुळांची नावं. कोण किती देवांचं, त्यावर सोयरीक ठरते. सारखे देव असले की लग्न नाही.

आणि आडनाव बदलतं. जोतिबा फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, साताऱ्याकडच्या कटगुणचं. पुण्यात पेशव्यांकडे फुलं पुरवू लागले आणि फुले झाले. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ. आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. म्हणजे जे आडनाव आज आपल्याला पर्वतासारखं अचल वाटतं, ते दोन-तीन पिढ्यांत घडलेलं असतं. शिंदे, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावं कितीतरी वेगवेगळ्या जातींत सापडतात. तेव्हा आडनाव म्हणजे रक्त, असं कुणी छातीठोक सांगू लागलं तर हसावं.

वंशाचंही तेच. आपल्या वर्ध्याचे जमनालाल बजाज जन्मले राजस्थानात. बच्छराज बजाजांच्या घरात ते दत्तक आले आणि त्या घराण्याचं नाव त्यांनी देशभर केलं. म्हणजे नाव चालवायला रक्त लागत नाही, हे आपल्या समाजाला पहिल्यापासून ठाऊक आहे. फक्त मुलगा लागत होता. १९५६चा दत्तक कायदा होईपर्यंत हिंदूंमध्ये कायद्याने दत्तक घ्यायचा तो मुलगाच. मुलगी दत्तक घेता येईल हे कायद्यात यायला स्वातंत्र्य मिळून नऊ वर्षं जावी लागली.

आता जुन्या कागदांकडे वळू. आपल्या भागातले जुने दस्तऐवज कुणी पाहिलेत का? त्यांत पुरुषाचं नाव येतं 'अमका वल्द तमका', म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईचं नाव आलंच तर 'अमकी जौजे तमका', म्हणजे तमक्याची बायको. नवरा मेला की 'अमकी बेवा तमका'. बाई तीच, शेत तेच. नवरा जिवंत आहे का मेला, यावर तिच्या नावाचा मधला शब्द बदलायचा. पुरुषाची बायको मेली म्हणून त्याचं 'वल्द' कधी बदललं नाही.

दोन यमुना

आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही. बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं आणि कितीतरी घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहून पाळण्यातलंही पुसतात. तिन्ही शब्द गेले. मागे राहतं काय?

सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन बाया घ्या. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. १८७३मध्ये तिचं लग्न झालं, तिची रमा झाली आणि ती रमाबाई रानडे म्हणून पुढे आली. कल्याणच्या जोश्यांची दुसरी यमुना. लग्नात तिचं नाव आनंदी ठेवलं. ती अमेरिकेत जाऊन १८८६मध्ये डॉक्टर झाली. सासरचं आडनावही जोशीच होतं, पण पाळण्यातलं नाव गेलंच. एकीने सेवासदन उभं केलं, दुसरी पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणून ओळखली जाते. पण यमुना म्हणून हाक मारली तर दोघींपैकी एकीलाही आज कुणी ओळखणार नाही.

आणि आपल्या विदर्भातलंच वेगळं उदाहरण सांगते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, १८८२मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या. शिंदे हे त्यांच्या वडिलांचं, बापूजी हरी शिंद्यांचं आडनाव. त्यांचे यजमान घरजावई होते. बाई बापाच्या घरात राहिली आणि तिचं नाव शाबूत राहिलं. यात एक गोम आहे बघा. जी घर सोडते तिचं नाव बदलतं. आडनावाचा संबंध घराशी आहे, जमिनीशी आहे, कोण कुणाच्या दारात राहतं याच्याशी आहे. प्रेमाशी आणि संस्काराशी त्याचा संबंध आपण मागाहून जोडला.

या गावची लेक

आता या गावच्या लेकीबद्दल. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे मी कुणाबद्दल बोलते. १४ नोव्हेंबर १९४८ला या पिपरी मेघेत साठ्यांच्या घरी एक मुलगी झाली. नको असलेली म्हणून तिला चिंधी म्हणत. बापाची इच्छा होती तिने शिकावं. गुरं राखायच्या निमित्ताने तो तिला शाळेत धाडायचा. कशीबशी चौथीपर्यंत गेली. मग वयाने कितीतरी मोठ्या माणसाशी लग्न, नवरगावच्या सपकाळांकडे. चिंधी साठेची सिंधू सपकाळ झाली.

तिथे शेण गोळा करणाऱ्या बायांना मोबदला मिळत नव्हता, त्यासाठी ती उभी राहिली. मग तिच्यावर बालंट आलं. दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने घराबाहेर काढलं. गोठ्यात तिने लेकीला जन्म दिला. माहेरानेही तिला ठेवून घेतलं नाही. ही सगळी हकीकत तिने स्वतः शेकडो सभांतून सांगितलेली आहे. रेल्वेत गाणं म्हणून भीक मागितली, स्मशानात रात्री काढल्या आणि त्यातूनच टाकलेल्या लेकरांची आई झाली. २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ला पुण्यात गेली. जग तिला सिंधुताई सपकाळ म्हणतं.

मी पुष्कळ दिवस या नावापाशी अडून बसले होते. ज्या घराने हाकललं त्या घराचं आडनाव तिने जन्मभर का वागवलं? माझ्यातली कार्यकर्ती म्हणायची, टाकून द्यायला हवं होतं. मग विचार केला, टाकून घ्यायचं काय? साठे? त्या दारानेही तिला आत घेतलं नव्हतं. बाईला दोन आडनावं असतात असं आपण म्हणतो, माहेरचं आणि सासरचं. पण दोन्ही दारं बंद झाल्यावर कळतं, की दोन्ही नावं तिला वापरायला दिलेली होती, मालकी तिची नव्हती.

आणि मग तिने काय केलं? ते नाव तिने स्वतःच्या कष्टाने इतकं मोठं केलं, की आज सपकाळ म्हटलं की लोकांना तिचा नवरा आठवत नाही, ती आठवते. पुढे नवरा परत आला, तेव्हा ती म्हणाली, आता नवरा म्हणून नाही, लेकरू म्हणून ये. तिच्या संस्थांची नावं बघा. वर्ध्याची संस्था 'अभिमान बाल भवन', अभिमान हे तिच्या वडिलांचं नाव. सासवडजवळचं 'ममता बाल सदन', ममता तिची लेक. चिखलदऱ्याचं मुलींचं वसतिगृह सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं. बाप, लेक आणि सावित्रीबाई. आपलं गोत तिने असं निवडलं.

म्हणून मी आता कुठल्याही बाईला सांगत नाही, की सासरचं आडनाव लाव किंवा टाक. जे नाव लावून तू राबलीस ते तुझं आहे. फक्त ते तू ठरवलेलं असावं.

कायदा काय म्हणतो

आता सातबाऱ्याकडे येऊ. आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लग्नानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे, असा आपल्या देशात कुठलाही कायदा नाही. जपानमध्ये नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं आणि बहुतेक वेळा ते नवऱ्याचंच असतं. तिथल्या बाया त्यासाठी कोर्टात लढत आल्या आहेत. आपल्यावर ती सक्ती नाही. आपल्यावर आहे ती रूढी आणि खिडकीमागे बसलेल्या माणसाची सवय.

महाराष्ट्राने १९९४मध्ये पहिलं महिला धोरण आणलं. त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क देणारी दुरुस्ती केली. २००५मध्ये ती सगळ्या देशाला लागू झाली. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, बाप २००५मध्ये जिवंत नव्हता म्हणून तो जात नाही. २०२२मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, की बाप वारल्यावर आई ही मुलाची नैसर्गिक पालक आहे आणि मुलाचं आडनाव ती ठरवू शकते. मार्च २०२४मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, की १ मे २०२४ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचं. आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. त्याच निर्णयात बाईला तिच्या लग्नाआधीच्या नावाने मिळकतीच्या कागदावर नाव नोंदवायची मुभा दिली आहे. ही शेवटची ओळ पेपरात बारीक अक्षरात आली. आपल्यासाठी ती मोठी आहे.

का, ते माझ्याच अनुभवातून सांगते. माझे वडील वारले. वारसांच्या नोंदीचा अर्ज केला. भावांची नावं चढली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदार यादीत दुसरं, पासबुकात तिसरं. कचेरीतला माणूस म्हणाला, "ही बाई तीच कशावरून?" मी समोर उभी होते, मैत्रिणींनो. भावाला कुणी विचारलं नाही की तू तोच कशावरून. त्याचं नाव जन्मापासून एकच होतं ना! मग शपथपत्र, लग्नाचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला. आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत चार जणांनी समजावलं, "कशाला त्रास घेता ताई, हक्कसोड लिहून द्या, भावाशी गोडी राहील." नाव जुळवण्याच्या त्रासाला कंटाळून किती बहिणींनी सही केली असेल! हक्क कायद्याने दिला आणि नावाच्या फेऱ्यात तो अडकला.

टाकलेल्या बाईचं तर विचारूच नका. रेशन कार्डावर नाव नवऱ्याच्या घरी, पोट इकडे माहेरी. मुलांच्या दाखल्यावर त्याचं आडनाव, सांभाळणारी ही.

आपल्यातलेच प्रश्न

मागे एका शिबिरात एका मुलीने मला चांगलं पकडलं. म्हणाली, "ताई, तुम्ही माहेरचं आडनाव लावा म्हणता, पण तेही एका पुरुषाचंच ना? बापाचं, आजोबाचं." खरं आहे. ते आईचं नव्हेच. पण निदान ते जन्मापासूनचं आहे आणि त्या नावाने माझे शाळेचे कागद आहेत. काही मैत्रिणी आईचं नाव लावतात. काही आडनावच लावत नाहीत.

दुसरी बाजू दलित मैत्रिणींनी दाखवली. त्या म्हणाल्या, "तुमच्यात आडनाव म्हणजे नवऱ्याची मालकी. आमच्यात आडनाव सांगितलं की समोरचा जात ओळखतो. घर भाड्याने मिळत नाही, चहाचा कप बदलतो." 'आडनाव काय?' हा प्रश्न आपल्याकडे नेहमी साधा नसतो. तेव्हा आडनाव ठेवायचं का बदलायचं का गाळायचं, याचं एकच उत्तर सगळ्यांसाठी नाही. आणि ज्या बाईला नवऱ्याचं नाव आणि कुंकू हाच गावात आडोसा आहे, तिला आपण सभेत उभं करून लाजवायचं नाही.

मग करायचं काय

आजपासून करता येतील अशी कामं सांगते.

एक. लग्नाची नोंदणी करा. १९९८च्या कायद्याने आपल्या राज्यात ती करायची आहे आणि गावात ग्रामपंचायतीत होते. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यांना जोडणारा तोच कागद आहे. नाव बदललं नसलं तरी तो हवा.

दोन. आपले सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि नावं ताडून बघा. शाळेचा दाखला, आधार, पासबुक, मतदार कार्ड. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा, बाप गेल्यावर नाही. बचत गटाची एक बैठक फक्त यासाठी ठेवा.

तीन. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ काढा. गावठाणातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावावं, असा शासनाचा निर्णय २००३पासून आहे. १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पुरुषांनी बायकोच्या नावे जमिनी करून दिल्या होत्या. ते शेतकरी आपल्यासारख्याच गावांतले होते.

चार. नात जन्मली की जन्मनोंदणीला स्वतः जा. आईचं नाव नीट, पूर्ण, ती सांगेल तसं लिहिलं आहे की नाही ते वाचून बघा.

पाच. हक्कसोडीच्या कागदावर सही करण्याआधी गटातल्या दोघींना सांगा. सही करायची असेल तर करा, तो तुमचा निर्णय. पण एकटीने, रडत, रात्रीच्या वेळी करू नका.

आणि शेवटचं काम मघाच्या खेळाचं. घरी गेल्यावर एक वही घ्या. तिच्यात आईचं, आजीचं, पणजीचं, सासूचं, सासूच्या आईचं नाव लिहा. जन्माचं नाव, जन्माचं आडनाव, गाव. ज्या मोठ्या बाया आज आहेत त्यांनाच ते माहीत आहे. मघाच्या आजी म्हणाल्या, नाव काहून ध्यानात ठेवावं. आजी, तुमचं नाव तुम्ही सभा संपल्यावर मला सांगा, पाळण्यातलं. सर्वांत आधी तेच लिहिते.

पुढच्या महिन्यात आपण पुन्हा इथेच जमू. येताना वही आणा. निदान तीन पिढ्या भरलेल्या असाव्यात.